सायकल, नकाशा आणि वाटेचा हक्क

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत क्रीडाविषयक लेख येतात ते बहुधा कबड्डी, खो-खो किंवा आंतरशालेय धावण्याच्या स्पर्धांविषयी. या खेपेस संपादक मंडळाने आम्हा दोघा माजी विद्यार्थ्यांना, परदेशी राहून जे पाहिले त्यातील येथील वाचकांना अपरिचित असे काही लिहावे, अशी सूचना केली. नोकरीच्या निमित्ताने आमचे वास्तव्य उत्तर इंग्लंडात आहे. तेथील डोंगराळ भागात रविवारच्या सकाळी एक खेळ भरतो. त्यात सायकल असते, पण वेगाला दुय्यम स्थान असते. नकाशा असतो, पण आखून दिलेला मार्ग नसतो. आणि प्रेक्षक जवळजवळ नसतातच. त्याचे नाव माउंटन बाइक ओरिएंटियरिंग. ब्रिटनमध्ये त्याचा जो प्रकार रूढ आहे त्याला ‘ट्रेलक्वेस्ट’ म्हणतात. हा खेळ चालतो कसा, एवढेच सांगून लेख संपवता आला असता. परंतु ज्या वाटांवर तो खेळला जातो त्या वाटा सर्वांसाठी खुल्या कशा झाल्या हे समजल्यावाचून त्याचे अर्धेअधिक मर्म हाती लागत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम मूळ खेळाविषयी थोडे. ओरिएंटियरिंग म्हणजे अनोळखी मुलखात नकाशा आणि होकायंत्र यांच्या साहाय्याने नेमून दिलेल्या खुणा शोधत जाणे. हा शब्द स्वीडनच्या लष्करी शिक्षणातून आला. नागरिकांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ, १८९७ साली झाली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमधील एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने तरुणांना रानावनात आणण्यासाठी या खेळाला नियमबद्ध रूप दिले. धावण्याचा कंटाळा करणारी मुले नकाशा हाती दिला की धावू लागतात, हे त्याने ओळखले असावे. कोणत्याही शाळेतील क्रीडाशिक्षकाला हे पटेल. १९६१ साली दहा देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. आज या महासंघाच्या छत्राखाली पायी, बर्फावरील स्कीवर, माउंटन बाइकवर, तसेच ज्यात धावण्याऐवजी नकाशाच्या अचूक वाचनाची कसोटी लागते अशा ‘ट्रेल’ प्रकारात स्पर्धा होतात. सायकलवरील प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे २००२ साली झाली. त्या जागतिक प्रकारात खुणांचा क्रम ठरलेला असतो आणि सर्वांत कमी वेळात येणारा जिंकतो. त्यासाठी खास नकाशे तयार करतात. प्रत्येक वाट सायकलला कितपत अनुकूल आहे हे रेघेच्या जाडीवरून आणि तुटकपणावरून दाखवलेले असते. तो प्रकार देखणा आहे, पण आमचा विषय तो नव्हे.

ब्रिटिश प्रकार अधिक साधा आणि, आमच्या मते, अधिक कसोटीचा. एखाद्या गावच्या सभागृहासमोर किंवा वाहनतळावर सकाळी मंडळी जमतात. वेळ ठरलेली असते, बहुधा तीन तास. हिवाळ्यात काही ठिकाणी दोनच. प्रत्येकाला नकाशा मिळतो आणि त्यावर वीस-पंचवीस वर्तुळे आखलेली असतात. प्रत्येक वर्तुळाच्या जागी प्रत्यक्षात एक लहानशी खूण बांधलेली असते: फाटकाच्या खांबाला, दिशादर्शक पाटीला, ओढ्यावरच्या लाकडी साकवाला. तिथे पोचल्याचा पुरावा म्हणून हातातील कार्डाला छिद्र पाडायचे किंवा बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक पट्टी तेथील डबीला लावायची. प्रत्येक खुणेला गुण असतात. जवळच्या, सपाटीवरच्या खुणांना थोडे; लांबच्या, चढावरच्या खुणांना जास्त. सर्व खुणा गाठण्याची सक्ती नाही, आणि गाठता येतील अशी सहसा सोयही नसते. कोणत्या क्रमाने जायचे, कोणत्या सोडून द्यायच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दिलेल्या वेळेत परत आले पाहिजे. उशीर झाला तर दर मिनिटाला गुण कापले जातात आणि उशीर वाढेल तसा कापण्याचा दरही चढत जातो. पुरेसा उशीर करणाऱ्याचे सकाळभराचे गुण शून्यावर येतात. वसतिगृहाच्या फाटकाशी घंटेनंतर पोचणाऱ्याच्या मनाची अवस्था काय होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या नियमांचा परिणाम असा की पायांत बळ असलेला मनुष्य आपोआप जिंकत नाही. प्रारंभीची पाच-दहा मिनिटे बहुतेक जण सायकलला टेकून नकाशाकडे पाहत उभे असतात. कोणी दोरा लावून अंतर मोजतो, कोणी पेनाने एक रेघ काढतो आणि लगेच दुसरी. नवखा मात्र नकाशा हाती पडताच सर्वांत जवळच्या खुणेकडे निघतो, तेथून पुढच्या जवळच्या खुणेकडे, आणि तासाभराने आपण एका दरीच्या तळाशी आहोत आणि सगळे गुण माथ्यावर आहेत असे त्याच्या ध्यानी येते.

एक उदाहरण घेऊ. उदाहरणातील स्थळे खरी आहेत, आकडे आम्ही कल्पिलेले. इंग्लंडच्या मध्यभागी, शेफील्ड आणि मँचेस्टर या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यात होप नावाचे एक गाव आहे आणि त्याच्या वायव्येस डोंगराआड एडेल. समजा, खेळ होपला सुरू झाला आणि तिथेच संपणार आहे. दोन तास पाच मिनिटे झाली आहेत, आपण एडेलमध्ये उभे आहोत आणि हातात पंचावन्न मिनिटे उरली आहेत. दरीच्या टोकाशी जेकब्ज लॅडर नावाची खडी चढण आहे. तिच्यावर एक खूण आहे आणि तिला चाळीस गुण आहेत. तिथे जाऊन एडेलला परत यायला पस्तीस मिनिटे लागतील आणि तेथून दरीतल्या रस्त्याने होप गाठायला पंचवीस. म्हणजे एकूण साठ. पाच मिनिटे उशीर. मिनिटाला दोन गुण कापले गेले तर दहा गेले, हाती तीस राहिले. दुसरा पर्याय असा की चढणीचा नाद सोडायचा आणि होपकडे जाताना वाटेलगतच्या दोन खुणा घ्यायच्या, एक दहाची आणि एक पंधराची. त्याचे पंचवीस गुण होतात आणि पंधरा मिनिटे शिल्लक राहतात.

कागदावरचा हिशेब चढणीच्या बाजूने आहे. पण पस्तीस मिनिटे हा अंदाज चाक पंक्चर होणार नाही, वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा येणार नाही आणि दोन तास डोंगर चढलेले पाय अजून तितकेच चालतील असे गृहीत धरून केलेला आहे. शिवाय त्या चढणीवर सायकल चालवता येत नाही. ढकलत किंवा खांद्यावर घेऊन जावी लागते. जाणता खेळाडू येथे बहुधा दरीकडे वळतो. त्याला तीस आणि पंचवीस यांतला फरक कळत नाही असे नाही. मोह कितीचा आहे आणि त्यासाठी पणाला काय लावावे लागते, हे तो तोलून पाहतो. या खेळातील बहुतेक यश काय सोडायचे हे वेळेवर ठरवण्यात असते, आणि ते ठरवताना बाजूला प्रशिक्षक नसतो, शिट्टी वाजवणारा पंच नसतो, ओरडून सांगणारे मित्र नसतात. वसतिगृहात वाढलेल्या आम्हा दोघांना सुरुवातीला हेच अवघड गेले असावे, असे आता वाटते. आमचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटेने ठरवलेला असे.

नकाशावाचनाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. ट्रेलक्वेस्टमध्ये बहुधा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे १:५०,००० किंवा १:२५,००० प्रमाणाचे नकाशे वापरतात. पहिल्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, दुसऱ्यावर चार. भूगोलाच्या तासाला आपण भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे पाहिले आहेत; त्यांतल्या तपकिरी समोच्च रेषा आठवत असतील. आपल्या १:५०,००० नकाशांत लगतच्या दोन रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचे अंतर असते, त्यांच्याकडे १० मीटर. परीक्षेत या रेषा मोजून काटच्छेद काढण्याचा प्रश्न दहा गुणांसाठी सोडवला जातो आणि मग विसरला जातो. सायकलवर बसलेल्या माणसाला मात्र त्या विसरता येत नाहीत. एका किलोमीटरच्या वाटेने अशा दहा रेषा ओलांडल्या तर शंभर मीटर चढ आहे, आणि शंभर मीटर चढ म्हणजे साधारण माणसाने उतरून चालायला लागणे. वाट रेषांना समांतर जात असेल तर ती डोंगराच्या कुशीने जाते आहे, लांब असली तरी घ्यावी. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे उतारावर ब्रेकची परीक्षा आहे. एखाद्या खुणेकडे कोणत्या बाजूने यायचे, चढून की उतरून, हे या रेषाच सांगतात. म्हणून अनुभवी लोक आधी सर्वांत उंचावरच्या खुणा घेतात आणि पाय थकल्यावर खाली उतरत येतात. मात्र हा नियमही आंधळेपणाने पाळण्यासारखा नाही. माथ्यावर धुके असेल तर तो उलटा करावा लागतो.

नकाशा हँडलवर बसवलेल्या फिरत्या फळीवर लावतात. वळणावर सायकल वळली की फळी उलट फिरवायची, म्हणजे नकाशातील उत्तर आणि खरी उत्तर एका रेषेत राहते. मोबाइलवर आपले ठिकाण दाखवणारा निळा ठिपका या खेळात निषिद्ध आहे. त्यामुळे आपण कुठे आहोत हे सतत पडताळत राहावे लागते: डावीकडे भिंत, उजवीकडे ओढा, पुढे वाटेला फाटा, आणि नकाशावरही तसेच. ही पडताळणी चालत्या सायकलवर, दगडगोट्यांतून, पावसात करायची असते. आम्हाला या खेळाचे सर्वांत मोठे आकर्षण याच कामाचे वाटत आले आहे.

आता वाटांकडे वळू. इंग्लंड आणि वेल्समध्ये डोंगर, कुरणे, माळराने यांची मालकी बहुतांशी खासगी आहे, पण त्यांच्यामधून जाणाऱ्या हजारो जुन्या वाटांवर जनतेचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क सर्व वाटांवर सारखा नसतो. काही वाटा केवळ पायी चालण्यासाठी आहेत. काहींवर घोड्यावरून जाता येते; त्यांना ‘ब्रायडलवे’ म्हणतात. नकाशावर दोहोंसाठी तुटक रेघा असतात. पायवाटेच्या रेघेचे तुकडे आखूड, ब्रायडलवेचे लांब. सायकलस्वाराला फक्त लांब तुकड्यांच्या वाटेवर आणि रस्त्यांवर जाण्याचा हक्क आहे. ट्रेलक्वेस्टमध्ये दोन खुणांना जोडणारी सरळ पायवाट समोर दिसत असते आणि तरीही तिच्यावरून सायकल न्यायची नसते. नेणारा बाद होतो. जमिनीवर उभे राहूनही हा भेद बऱ्याचदा ओळखता येतो. पायवाट भिंत ओलांडते तिथे चढून उतरण्याच्या पायऱ्या असतात, ब्रायडलवेवर घोडा जाईल असे फाटक असते. नकाशावरच्या रेघेच्या तुकड्याची लांबी पाहून आपला हक्क ओळखायचा, ही गोष्ट आम्हाला आरंभी विलक्षण वाटली होती.

या वाटा आल्या कुठून, याचे एक उत्तर होप गावाच्या वरच्या डोंगरधारेवर उभे आहे. रोमन सैन्याने घातलेल्या रस्त्याच्या रेषेवर तिथे एक चौकोनी डोक्याचा दगडी खांब आहे. त्यावर १७३७ हे साल कोरलेले असून चार बाजूंना चार गावांची नावे आहेत: शेफील्ड, ग्लॉसप, होप आणि एडेल. त्याला होप क्रॉस म्हणतात. गाड्या जाण्याजोगे रस्ते नव्हते त्या काळी या डोंगरांतून मीठ, लोकर, शिसे अशा मालाची वाहतूक तट्टांच्या पाठीवरून होई. आपल्याकडे कोकणातील मीठ घेऊन लमाणांचे बैल घाटवाटा चढत, तशीच ही रहदारी. धुक्यात आणि बर्फात वाटा चुकत म्हणून १६९७ सालच्या कायद्याने फाट्यांवर असे दिशादर्शक दगड उभे करण्याची तरतूद केली, आणि डर्बीशर परगण्यात १७०९ साली तसे हुकूम निघाले. तट्टांच्या तांडेवाल्याला तिकडे ‘जॅगर’ म्हणत. होप क्रॉसवरून एडेलकडे उतरणारी वाट ज्या घळीतून जाते तिचे नाव आजही जॅगर्स क्लफ असेच आहे. ही वाट आता ब्रायडलवे आहे. सायकलचे चाक तिथे ज्या दगडांवर घसरते ते शतकानुशतके नालांनी झिजलेले आहेत, त्यामुळे घसरल्याचे फारसे दुःख होत नाही.

परंतु वाटा जुन्या असल्या म्हणजे त्या आपसूक सर्वांच्या राहतात असे नाही. होपच्या पश्चिमेला किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे, या प्रदेशातील सर्वांत उंच. विसाव्या शतकाच्या आरंभी ते आणि आसपासची माळराने ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली होती. वर्षातील काही दिवसांच्या शिकारीसाठी वर्षभर रखवालदार ठेवलेले असत आणि गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर काम करून रविवारी मोकळ्या हवेत येणाऱ्या मँचेस्टर-शेफील्डच्या कामगारांना हुसकून लावले जाई. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे लोक हेफील्ड गावातून निघून जाणूनबुजून त्या पठाराकडे चढले. त्यांच्या पुढाऱ्यांत बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा ज्यू तरुण होता. पोलीस मँचेस्टरच्या रेल्वे स्थानकावर त्याची वाट पाहत असताना तो सायकलवरून हेफील्डला पोचला होता. चढणीवर रखवालदारांशी झटापट झाली. परतल्यावर धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने मिळाले.

या शिक्षांनी लोकमत जितके हलवले तितके त्या चढाईनेही हलवले नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांची अधिकृत नोंद नकाशावर करणे बंधनकारक झाले. आपण ज्या तुटक रेघा वाचतो त्यांचा उगम या नोंदींत आहे. १९५१ साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले ते पीक डिस्ट्रिक्टच.

सायकलस्वारांना मात्र आणखी थांबावे लागले. डोंगरी सायकल अमेरिकेत जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, साध्या सायकली घेऊन खडबडीत वाटांनी हिंडणाऱ्या ब्रिटिश हौशी मंडळींनी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ नावाचा संघ काढला होता. पण अशा वाटांवर सायकलचा स्पष्ट हक्क १९६८ सालच्या कायद्यातील एका कलमाने मिळाला. त्या कलमाने ब्रायडलवेवर सायकल चालवण्याची मुभा दिली आणि त्याच वाक्यात अट घातली की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे. शिवाय सायकलसाठी वाट सोयीची करून देण्याची जबाबदारी कुणावरही टाकली नाही. म्हणजे हक्क मिळाला, पण खाचखळगे, चिखल, फाटके आहेत तशीच राहिली. आमच्या दृष्टीने तो सौदा रास्त होता. सर्वांत शेवटी आलेल्या पाहुण्याने आधीच्यांना जागा करून द्यावी, हे समजण्यासारखे आहे.

ट्रेलक्वेस्टचे सगळे वर्तन या अटीवर उभे आहे. इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यांवर परवानगीवाचून सायकलींची शर्यत लावणे हा गुन्हा आहे; आयोजकही प्रारंभी ही शर्यत नव्हे असे बजावून सांगतात. सर्वांना वेळ सारखाच आणि मार्ग निरनिराळे, त्यामुळे दहा-वीस सायकली एका घोळक्याने एका वाटेवर कधी येत नाहीत. समोरून घोडा आला तर थांबायचे, उतरायचे, जनावर बुजणार नाही अशा बेताने मोठ्याने नमस्कार करायचा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सहसा शांत राहतो. त्यात अर्धे मिनिट गेले तर गेले. फाटक ज्या स्थितीत मिळाले त्या स्थितीत ठेवायचे. वसंतात मेंढ्या व्यालेल्या असतात, माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, तेव्हा वाटेबाहेर चाक घालायचे नाही. कोणी जखमी दिसला तर स्वतःचे गुण विसरून थांबायचे, हा लिखित नियम आहे. आम्ही असे थांबलेले लोक पाहिले आहेत आणि निकालपत्रकात ते खाली गेलेलेही पाहिले आहेत. त्याविषयी कोणी बोलत नाही.

साहित्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जाड, खाचेदार टायरची, बऱ्या गिअरची कोणतीही सायकल चालते. वीस वर्षांची जुनी सायकल घेऊन येणारे पेन्शनर नव्या चकचकीत सायकलवाल्यांना मागे टाकतात. हेल्मेट, जादा ट्यूब, पंप, चेन जोडण्याचे हत्यार, होकायंत्र, पावसाचा अंगरखा, थोडे खाणे आणि एक शिट्टी. शिट्टीचा उपयोग संकटात. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा सहा वेळा. ऐकणाऱ्याने तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचे. ही खूण आंतरराष्ट्रीय आहे आणि सह्याद्रीत हिंडणाऱ्या आपल्या मुलांनाही ठाऊक असावी. तिकडच्या हवामानाची थट्टा करून चालत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि माथ्यावरची काळी, ओली, कुजकट माती, जिला पीट म्हणतात, तीत चाक आसापर्यंत रुतते.

स्पर्धकांत सर्व वयांचे लोक असतात. एकेकटे, जोडीने, आईवडील आणि मुले मिळून, असे निरनिराळे गट असतात. जोडीने खेळणे हे आमच्या मते अधिक शिकवणारे. दोघांनी शेवटपर्यंत बरोबर राहावे लागते, म्हणजे वेग ठरतो तो मागच्याच्या पायांनी. दोन दिवस चालणारा एक मोठा प्रकारही पुढे लोकप्रिय झाला. त्यात जोडीने तंबू, अन्न, झोपण्याची पिशवी, सारे पाठीवर घेऊन पहिल्या दिवशी सात तास आणि रात्री डोंगरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पाच तास सायकल चालवायची असे. तंबूचे ओझे कोणी उचलायचे यावरून मैत्रीची जी परीक्षा होत असेल तिची कल्पना करावी. पहिल्या दिवशीच्या मोहाची फेड दुसऱ्या दिवशी पायांना करावी लागते, त्यामुळे तिथे हिशेब अधिकच कठोर होतो.

शेवटी एका वाटेची हकिकत सांगतो. डरवेंट नदीच्या खोऱ्यात लेडीबाउर नावाचे धरण १९३५ ते १९४३ या काळात बांधले गेले आणि अ‍ॅशॉप्टन व डरवेंट ही दोन गावे पाण्याखाली गेली. धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरी ठाऊक असेल. डरवेंट गावात तट्टांच्या वाहतुकीचा एक जुना दगडी पूल होता. गाव बुडण्याआधी तो उतरवला गेला, प्रत्येक दगडाला क्रमांक दिला गेला, आणि १९५९ साली नदीच्या वरच्या अंगाला स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी तो पुन्हा उभा केला गेला. त्या पुलापासून कट गेट नावाचा ब्रायडलवे डोंगर ओलांडून उत्तरेकडे जातो. शेतकरी पूर्वी मेंढ्या बाजाराला नेत ती ही वाट, आणि डोंगरी सायकलवाल्यांची ही अतिशय आवडती. तिच्या माथ्यावर पीटची दलदल इतकी वाढली की लोक कडेकडेने जाऊ लागले आणि वाट रुंद होत माळ खाऊ लागली. कायद्याने सायकलसाठी ती दुरुस्त करून देण्यास कोणी बांधील नव्हते. तेव्हा सायकलस्वार, घोडेस्वार आणि पायी हिंडणारे यांच्या संघटनांनी एकत्र येऊन लोकवर्गणी गोळा केली. एरवी चिखल कोणामुळे झाला यावरून एकमेकांकडे बोट दाखवणारी ही मंडळी. त्या पैशांतून दलदलीच्या जागी दगड बसवले गेले. त्या दगडांवरून सायकल आता कोरडी जाते. समोरून घोडा आला तर अजूनही सायकलवाल्यानेच उतरून बाजूला व्हायचे असते.